वेगाला लगाम कोण घालतो: खांबावरचा कॅमेरा की रस्त्यावरचा पोलीस?

घाटवळण

दुसऱ्या एका धाग्यावर "कॅमेरे म्हणजे दंड उकळायची यंत्रं" यावरून जुंपली आणि मूळ विषय बाजूलाच राहिला, म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न साधा आहे. रस्त्यावर माणसं कमी मरावीत यासाठी ठरावीक रक्कम हातात असेल, तर ती वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवर घालावी की गस्तीच्या गाड्यांवर आणि पोलिसांवर?

आधी वेगाबद्दल. "५० च्या जागी ६० ने गेलं तर काय आभाळ कोसळतं?" असं खूप जणांना मनापासून वाटतं. हिशोब करून बघा. रस्ता कोरडा, टायर बरे, समोर अचानक कुणीतरी आलं आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद गेला. ५० ने चाललेली गाडी साधारण २८ मीटरांत थांबते. ६० ने चाललेली गाडी त्याच २८ व्या मीटरला पोचते तेव्हा तिचा वेग अजून ४० च्या आसपास असतो. म्हणजे पहिली गाडी ज्या माणसाच्या पुढ्यात येऊन थांबली, त्याच माणसाला दुसरी ४० ने उडवते. फरक होता फक्त १० चा.

स्वीडनचे वाहतूक संशोधक गोरान निल्सन यांनी हेच आकड्यांत बसवलं. त्यांच्या सूत्राप्रमाणे एखाद्या रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर जीवघेणे अपघात सुमारे ४ टक्क्यांनी वाढतात. उलटही खरं. सगळ्यांचा वेग थोडासा उतरवला तरी पुष्कळ जीव वाचतात. दोनचार माथेफिरूंना पकडण्यापेक्षा हजारोंचा पाय जरा सैल करणं जास्त मोलाचं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आणि म्हणून माझं मत कॅमेऱ्याला. तो थकत नाही, समोरच्या गाडीत कोण बसलंय ते बघत नाही, "साहेबांशी बोला" म्हणत त्याच्या हातात कुणी फोन देऊ शकत नाही. २०१० साली कोक्रेनने, म्हणजे आरोग्यविषयक संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेने, ३५ अभ्यास तपासले. कॅमेऱ्यांच्या आसपासचे अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ८ आणि ४९ मध्ये बरंच अंतर आहे हे मान्य, पण सगळे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात. फ्रान्समध्ये २००३ च्या शेवटी पहिला स्वयंचलित कॅमेरा लागला. तिथे २००२ मध्ये सात हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर दगावली होती, २००४ मध्ये आकडा सहा हजारांच्या खाली आला.

बोला आता.

चौथा गिअर

आलं कॅमेऱ्यांचं कीर्तन. उतारावर, झाडामागे, जिथे मर्यादा अचानक ८० वरून ५० होते नेमका तिथेच कॅमेरा का असतो, तेवढं सांगा. शाळेसमोर कधी दिसत नाही तो.

निवृत्त शिट्टी

वाहतूक शाखेत आयुष्य गेलं, तेव्हा माझं मत एकतर्फी वाटलं तर वाटू द्या.

घाटवळण, तुमचा कॅमेरा फोटो काढतो. गाडी पुढे जाते. चालकाच्या पोटात दारू असेल तर तो पुढचे शंभर किलोमीटर तसाच जातो, आणि पत्र किंवा मेसेज येतो तेव्हा त्याची उतरलेली असते. आम्ही गाडी बाजूला घेतो. काच खाली झाली की वास येतो, डोळे दिसतात, मागच्या सीटवर झोपलेली पोरं दिसतात, टायरची अवस्था दिसते. लायसन्स नसलेला, झोप अनावर झालेला ट्रकवाला, दोघांच्या मध्ये तिसरा कोंबलेली दुचाकी, यातलं खांबाला काय कळतं?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १७ डिसेंबर १९८२ पासून कुठल्याही चालकाला, काही संशय नसतानाही, थांबवून श्वासाची तपासणी करायला सुरुवात केली. जीवघेणे अपघात झपाट्याने खाली आले आणि तो परिणाम वर्षानुवर्षं टिकला. त्याचं कारण फक्त पकडले गेलेले लोक नव्हेत. रोज घरी जाताना नाका लागलेला दिसायचा, स्वतःला थांबवलं जायचं, ओळखीच्या कुणाला थांबवलेलं असायचं. ग्लास हातात घेतानाच नाका आठवायचा.

तेव्हा "वेग" आणि "रस्ता सुरक्षा" हे एकच समजून चालू नका.

उगाच

जरा अवांतर. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांत जगभर गाजलेलं नाव म्हणजे गॅत्सो. ते बनवणारे मॉरिस गॅत्सोनिडिस हे डच गृहस्थ स्वतः रॅली ड्रायव्हर होते, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली त्यांनी जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती राहतो हे कळून तो आणखी वाढवता यावा, म्हणून त्यांनी हे यंत्र काढलं. पुढे तेच यंत्र सगळ्या हौशी रॅलीवाल्यांच्या मानेवर बसलं.

चालू द्या तुमचं.

सांख्यिकी

दोन्ही पक्षांची थोडी हवा काढतो.

घाटवळण, फ्रान्सचे आकडे बरोबर आहेत, पण क्रम बघा. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे शिराक यांनी, १४ जुलै २००२ च्या भाषणात रस्ता सुरक्षा हे आपलं प्राधान्य असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर दंड कडक होणार, माफी बंद होणार, कॅमेरे येणार अशी चर्चा सुरू झाली आणि पोलीसही कामाला लागले. मृत्यूंचा आलेख २००२ च्या अखेरीपासूनच उतरायला लागला. पहिला कॅमेरा त्यानंतर जवळपास वर्षभराने बसला! म्हणजे घसरणीचा पहिला टप्पा कॅमेऱ्याचा नव्हे, "आता पकडणार बरं का" या समजुतीचा. नंतरची घट टिकवण्यात कॅमेऱ्यांचा मोठा हात होता, हे मात्र मी मानतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॅमेरा कुठे बसवतात? जिथे गेल्या दोनतीन वर्षांत अपघात जास्त झाले तिथे. आता अपघात ही मुळात दुर्मीळ आणि बरीचशी नशिबाच्या फेऱ्याची गोष्ट. एखाद्या चौकात एखादं वर्ष फार वाईट जातं, पुढचं वर्ष आपोआपच नेहमीच्या सरासरीकडे येतं. तिथे तुम्ही कॅमेऱ्याऐवजी कुंडी ठेवली असती तरी अपघात "कमी" झाले असते आणि श्रेय कुंडीला मिळालं असतं.

ही काल्पनिक भीती नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय कॅमेरा कार्यक्रमाचा चार वर्षांचा अहवाल २००५ मध्ये आला. त्यात कॅमेऱ्यांच्या ठिकाणी मृत आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचं म्हटलं होतं. वर्तमानपत्रांनी ४२ उचलला. त्याच अहवालाच्या परिशिष्टात या सरासरीकडे परतण्याचा हिशोब केला होता. तो धरला की कॅमेऱ्याच्या वाट्याला येणारी घट बरीच आकसते. पण शून्य होत नाही, हेही तितकंच खरं. काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांची बेरीज बघायची तर नॉर्वेच्या संशोधक अलेना होये यांनी केलेली आहे: एका जागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्यांमुळे अपघात सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात. ४२ ऐकल्यावर २० फिकं वाटतं, पण फक्त एका खांबामुळे २० टक्के ही चेष्टा नव्हे.

शिट्टीसाहेब, गस्तीचं मोजमाप याहून अवघड, कारण जिथे अपघात जास्त तिथेच पोलीस जास्त पाठवतात. नुसते आकडे लावले तर पोलिसांमुळे अपघात होतात असंही "सिद्ध" होईल. पण एक प्रयोग नियतीनेच करून ठेवलाय. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने फेब्रुवारी २००३ मध्ये पैसे नाहीत म्हणून राज्य पोलिसांतल्या रस्त्यावरच्या सुमारे ३५ टक्के शिपायांना एकदम घरी बसवलं. रस्ते तेच, गाड्या त्याच, फक्त वर्दी कमी झाली. डीअँजेलो आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी पुढची वर्षं तपासली: चलनं घटली, आणि जखमी व मृतांचं प्रमाण १० ते २० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

निवृत्त शिट्टी

कुंडीचं आवडलं. ओरेगॉनचं माहीत नव्हतं, जपून ठेवतो.

दुचाकीवाली

इथे सगळे चार चाकांतून बोलताहेत म्हणून सांगते. मला कॅमेऱ्याची भीती कॅमेऱ्यामुळे नाही वाटत, त्याच्या अलीकडच्या शंभर मीटरमुळे वाटते. पुढची गाडी १०० ने चाललेली असते, मोबाइलमधली बाई "पुढे कॅमेरा आहे" म्हणते आणि गाडी करकचून ब्रेक मारते. मागे मी. खांब गेला की तीच गाडी पुन्हा सुसाट. अशा ठिकाणी माझ्यासाठी रस्ता आधीपेक्षा जास्त धोक्याचा झालेला असतो.

सांख्यिकी

याला अभ्यासक चक्क "कांगारू उड्या" म्हणतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एका संशोधकाने २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या कॅमेऱ्यांचा अंतरानुसार हिशोब मांडला होता. कॅमेऱ्यापासून ५०० मीटरच्या आत अपघात आणि मृत्यू दोन्ही चांगलेच कमी. दीड किलोमीटरच्या पलीकडे गेलं की परिणाम पुसला जातो आणि अपघात थोडे उसळी मारतात, बहुधा लोक वेळ भरून काढायला बघतात म्हणून. एकूण हिशोब फायद्याचाच राहतो, पण दुचाकीवाली म्हणतायत तो प्रकार मनाचा खेळ नाही.

घाटवळण

म्हणूनच मला एकाच ठिकाणी टिपणारा कॅमेरा आता जुनाट वाटतो. खरी गंमत सरासरी वेगाच्या कॅमेऱ्यात आहे. रस्त्याच्या एका टोकाला नंबरप्लेट वाचायची, काही किलोमीटरवर दुसऱ्या टोकाला पुन्हा वाचायची, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ. संपला विषय. खांबापाशी ब्रेक मारून काही मिळत नाही, त्यामुळे कुणी मारतही नाही. स्कॉटलंडमध्ये ए७७ या रस्त्यावर हे २००५ पासून आहे, ए९ या लांबलचक मार्गावर २०१४ मध्ये आलं. आणि सांख्यिकींनी वर दिलेल्या होये यांच्याच बेरजेत या प्रकाराचा आकडा आहे: सगळे अपघात सुमारे ३० टक्क्यांनी कमी, आणि मृत किंवा गंभीर जखमी होण्याचे अपघात ५६ टक्क्यांनी कमी. असं असताना खांबावरच्या एकट्या डब्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मर्यादा आहेतच. मध्ये फाटे, पेट्रोलपंप, चौक असलेल्या शहरी रस्त्यावर हे चालत नाही. चहाला थांबलेला माणूस कागदावर संथ चालक ठरतो. बोगदे, पूल, घाट, बंदिस्त महामार्ग ही याची जागा.

चौथा गिअर

माझ्या प्रश्नाला बगल दिली सगळ्यांनी. पैशाचं काय?

शिकागोत लाल दिव्यावरच्या कॅमेऱ्यांचं कंत्राट मिळवण्यासाठी लाच दिली गेली, महापालिकेचा अधिकारी २०१६ मध्ये दोषी ठरला. ब्रिटनमध्ये तर काही वर्षं दंडाच्या रकमेतूनच कॅमेऱ्यांचा खर्च भागवायची पद्धत होती. म्हणजे लोकांनी नियम पाळले तर खातं तोट्यात! अशी यंत्रणा कुठे बसवली जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. लोकांना हे कळतं. फ्रान्समध्ये २०१८ च्या हिवाळ्यात पिवळ्या जाकिटांचं आंदोलन झालं तेव्हा देशातल्या निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यांची तोडफोड झाली. आधीच जुलैमध्ये दुपदरी रस्त्यांची मर्यादा ९० वरून ८० केल्याने लोक धुमसत होते. पोलिसाच्या गाडीवर इतक्या सहज कुणी रंग फासत नाही.

निवृत्त शिट्टी

फासत नाहीत, कारण पोलिसाशी तडजोड करता येते. स्पष्ट बोललो, राग नसावा. चिरीमिरी हा गस्तीचा सगळ्यात मोठा रोग आहे आणि त्यावर कॅमेरा हे चांगलं औषध आहे, हे मीच कबूल करतो. एक चालक शंभराची नोट देऊन सुटला की तो दहा जणांना सांगतो, आणि त्या दहा जणांसाठी कायदा संपतो.

घाटवळण

चौथा गिअर, पैशाबद्दल तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं. ब्रिटनने ती पद्धत २००७ मध्ये बंद केली, आणि त्याआधीच कॅमेरे भडक पिवळे रंगवायची अट घातली होती, लपवायचे नाहीत म्हणून. स्वीडनमध्ये कॅमेऱ्याआधी पाटी असते आणि सगळे कॅमेरे सगळा वेळ चालूही नसतात, कारण हेतू वेग उतरवण्याचा आहे. कंत्राटदाराला दर चलनामागे पैसे देणं हे तर मुळावरच घाव आहे. ठरावीक भाडं द्या, जागा ठरवायचा अधिकार त्याच्याकडे नको.

पण त्यावरून कॅमेराच नको, हे पटत नाही. ऑक्सफर्डशायरने २०१० च्या ऑगस्टमध्ये खर्चकपातीत सगळे ठरावीक जागचे कॅमेरे बंद केले. तिथला वेग वाढला, आणि एप्रिल २०११ मध्ये ते पुन्हा चालू करावे लागले.

रस्ताबांधणी

उशिरा आलो. तुम्ही सगळे विमानतळाच्या धावपट्टीसारखा रस्ता बांधून त्यावर ५० ची पाटी लावता, आणि मग ती पाळायला लावायला माणूस हवा की यंत्र यावर भांडता. चालक पाटी बघून वेग ठरवत नाही, रस्ता बघून ठरवतो. लेन अरुंद करा, वाहतूक बेट घाला, पादचारी ओलांडतात तिथे रस्ता उंच करा. त्यात रात्रपाळी नाही, लाच नाही, अपील नाही. जिथे कॅमेऱ्याला वर्षानुवर्षं भरपूर "गिऱ्हाईक" मिळतं तिथला रस्ता चुकीचा बांधलाय, असा माझा सरळ हिशोब.

चौथा गिअर

+१००. पहिल्यांदाच कुणीतरी बोललं.

सांख्यिकी

रस्ताबांधणी, तत्त्वतः सहमत. पण आहे तो सगळा रस्ता उखडून नवा बांधेपर्यंत काय करायचं? आणि महामार्गावर तुम्ही गतिरोधक घालणार नाही.

रस्ताबांधणी

महामार्गावर नाही, बरोबर. तिथे सरासरी वेगाचा कॅमेरा लावा, माझी हरकत नाही. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर आधी मला बोलवा.

मध्यरात्र

अपघात विभागात काम करते. तुमच्या वादात एक गोष्ट राहिली म्हणून लिहितेय.

आमच्याकडे येणारे पायी चालणारे आणि दुचाकीवरचे, त्यांना वेग म्हणजे काय ते हाडांवर कळतं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे: गाडीचा वेग ५० वरून ६५ झाला तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. पण गाडीतून येणाऱ्यांत वेगाइतकंच दुसरं कारण असतं: पट्टा नव्हता. हेल्मेट नव्हतं. हातात फोन होता. यातलं काही वेगाचा कॅमेरा बघत नाही. न्यू साउथ वेल्सने डिसेंबर २०१९ पासून चालकाच्या हातातला फोन टिपणारे कॅमेरे सुरू केले, म्हणजे यंत्राला हेही शिकवता येतं. दारू आणि झोप मात्र फोटोत येत नाही. आणि रात्री दोनला आमच्याकडे येतात त्यात ही दोन कारणं जास्त.

निवृत्त शिट्टी

ताई, अगदी हेच. रात्री दोनला रस्त्यावर पोलीस किती असतात ते मला विचारू नका.

आता गस्तीबद्दल थोडं, कारण "पोलीस वाढवा" म्हणणं सोपं आहे. गस्तीची गाडी दिसली की पुढे काही किलोमीटर लोक नीट चालतात, मग विसरतात. रोज त्याच पुलाखाली, त्याच वेळेला उभं राहिलं तर आठवड्यात सगळ्यांना पाठ होतं. आमच्यात ते सर्रास चालायचं, सावली असायची ना तिथे. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलंड राज्याच्या पोलिसांनी यावर फार साधा उपाय काढला. हद्दीतले रस्ते तुकड्यांत वाटले, दिवसाचे भाग पाडले, आणि कुठल्या तुकड्यावर कधी उभं राहायचं हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. साहेबाच्या मर्जीने नाही, अनुभवानेही नाही. गाडी दिसेल अशी उभी करायची, तासदोन तास, मग दुसरीकडे. माणसं तेवढीच, पण चालकाला वाटतं पोलीस कुठेही असतील. अपघात कमी झाले. अनुभवी हवालदाराला हे पटवणं कठीण जातं, कारण त्याला वाटतं आपल्याला जागा माहीत आहेत.

दुचाकीवाली

कॅमेऱ्याच्या जागाही अशाच फिरवल्या तर?

घाटवळण

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८९ च्या सुमारास उभ्या गाड्यांमधून चालणारे फिरते कॅमेरे सुरू झाले ते याच विचाराने. आज इथे, उद्या तिथे. जागा पाठ होत नाही. चौथा गिअर यांना ते सापळे वाटतील, पण सापळा नकोसा वाटणं हाच तर त्याचा परिणाम आहे.

चौथा गिअर

वाटतीलच. बरं, दंड गाडीच्या मालकाला जातो, चालवणाऱ्याला नाही, त्याचं काय? भावाने गाडी नेली, चलन माझ्या नावावर. श्रीमंताला दंड म्हणजे टोल, भरून मोकळा.

सांख्यिकी

हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. न्यूयॉर्कमध्ये कॅमेऱ्याचं चलन मालकाला जातं, ५० डॉलर, लायसन्सवर नियमभंगाचे गुण चढत नाहीत. त्यामुळे शेकडो चलनं साचलेल्या गाड्याही रस्त्यावर फिरत राहतात. जर्मनीत उलट, चालक कोण हे सिद्ध करावं लागतं, म्हणून चेहऱ्याचा फोटो घेतात आणि खटलाही त्याच्यावर. खर्चिक आहे, पण लायसन्स जाऊ शकतं. फिनलंडमध्ये मोठ्या वेगभंगाचा दंड उत्पन्नावर ठरतो, तिथे "टोल" ही सबब चालत नाही. सर्वसामान्य चालकाला छोटासा पण हमखास दंड पुरतो. जो पुन्हा पुन्हा करतो त्याला कुणीतरी समोर उभं राहून थांबवायला लागतं.

निवृत्त शिट्टी

आणि तो कुणीतरी असायला हवा ना? मला खरी काळजी तिथे आहे. कॅमेरे बसले की वरून पहिला प्रश्न येतो, "मग आता वाहतूक शाखेत इतकी माणसं कशाला?" माणसं बंदोबस्ताला जातात, परत येत नाहीत. कागदावर चलनं तिप्पट होतात, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही की रात्रीचा नाका बंद झालाय. कॅमेऱ्याने दिवसाचा वेग सांभाळावा आणि सुटलेली माणसं दारूच्या नाक्यावर जावीत, असं लेखी ठरणार असेल तर उद्याच सगळीकडे कॅमेरे लावा, मी उद्घाटनाला येतो.

घाटवळण

लेखी म्हणजे? माणसांची संख्या कंत्राटातच घालायची?

निवृत्त शिट्टी

कंत्राटात नाही, अंदाजपत्रकात. जितके कॅमेरे मंजूर, तितके रात्रीच्या तपासणीचे तास मंजूर, आणि दर महिन्याला दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. किती चलनं झाली ते नको, किती तास नाका उभा होता ते.

सांख्यिकी

आणि किती श्वास तपासले, तेही. पकडलेले नव्हे, तपासलेले.

चौथा गिअर

एवढं छापलं तर मी उतारावरच्या त्या कॅमेऱ्याबद्दल पुन्हा बोलणार नाही. झाडामागच्याबद्दल बोलेन.